पंचमीची भरती पावणेचारला

पत्र : ताई, नाताळच्या सुट्टीत आम्ही पाच दिवस वेंगुर्ल्याला चाललोय. मी, नवरा, नववीतला मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात आणि त्या मासे-मटण खात नाहीत. गेल्या वर्षी अशाच एका किनाऱ्यावर गेलो होतो. तीन दिवसांत अकरा पॉइंट केले. मुलगी बनाना राइडवर रडरड रडली, मुलगा गाडीत मोबाइल घेऊन बसला, सासूबाई निम्म्या ठिकाणी गाडीतून उतरल्याच नाहीत. या वेळी ह्यांनी मित्राच्या ओळखीने उभादांड्याला एका घरात दोन खोल्या घेतल्यात, आणि आता म्हणतात, ‘तिथे बघण्यासारखं काही नाही, दोन दिवस गोवा करून येऊ.’ मला पोहता येत नाही, समुद्राची भीती वाटते. एवढ्याशा गावात पाच दिवस सगळ्यांना गुंतवायचं कसं? खरं सांगू का, सुट्टीवरून परत आलं की मला सुट्टी लागते.

— एक आई, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : तुमच्या यजमानांशी मी वाद घालणार नाही. माझं माहेर त्याच तालुक्यातलं. मे महिन्यात पाहुणे आले की ‘यांना दाखवायचं काय’ हा प्रश्न आमच्याही घरी पडायचा. वडील त्यांना बंदरावर न्यायचे, लांबून दीपगृह दाखवायचे आणि म्हणायचे, ‘झाला, आता जेवूक चला.’ तरी तेच पाहुणे आठ-आठ दिवस राहायचे आणि पुढच्या वर्षी आणखी दोघांना घेऊन यायचे. ते दिवसभर काय करायचे ते आठवून आठवून हे उत्तर लिहितेय.

आधी एक काम. घरातलं कालनिर्णय भिंतीवरून काढा आणि बॅगेत टाका. ते सासूबाईंच्या ताब्यात द्यायचं.

समुद्राकाठी कुठली गोष्ट कधी करायची हे भरती-ओहोटी ठरवते. ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात. आता भरती कधी, हे विचारायला कुठलं अॅप लागत नाही. जुनी माणसं तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. समजा पंचमी आहे. पाच गुणिले पाऊण, पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्याच्या सव्वासहा तास आधी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. दुसऱ्या दिवशी वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. हिशेब ढोबळ आहे, तासभर इकडेतिकडे होतो, आणि आमच्या दक्षिण टोकाला पाणी बहुधा जरा आधीच भरतं. पण घरातून निघायचं कधी हे ठरवायला तेवढं पुरतं.

तिथी सासूबाईंना तोंडपाठ असेल. पाऊणपट मुलगा करेल. पाच दिवसांचा तक्ता त्याला वहीच्या पानावर करायला सांगा आणि तो खोलीच्या दारावर चिकटवा. मग रोज किनाऱ्यावर गेल्यावर त्याने बघायचं, हिशेब किती चुकला. नववीतल्या मुलाला ‘मोबाइल ठेव’ म्हटलं की तो ठेवत नाही, पण आजीचं गणित चुकलं हे सिद्ध करायला तो सकाळी सातला उठेल. आणि चुकलं नाही तर आजीचा भाव वधारेल. दोन्हीकडून तुमचा फायदा.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि खूप आत जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाण्याची हालचाल कमी. ओहोटीचा चमत्कार बघायचा तर उधाणाचे दिवस चांगले. तुमच्या पाच दिवसांत कुठल्या तिथी येतात ते बघून घ्या.

आता धाकटीचं. सहा वर्षांच्या मुलीला समुद्र आवडतो, पण वाळू त्याहून जास्त आवडते, आणि बनाना राइड दोघांच्या मध्ये कडमडते. तिला पुन्हा असल्या कशावरही बसवू नका. ओहोटीच्या दोन तास आधी तिला ओल्या वाळूवर सोडा. पाणी मागे गेलं की तिथे बारीक बारीक वाळूच्या गोळ्या दिसतील, एका भोकाभोवती चांदणीसारख्या मांडलेल्या. करंगळीच्या नखाएवढे खेकडे वाळू तोंडात घेतात, तिच्यातलं खाणं गाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. न हलता दहा मिनिटं बसलं तर ते भोकातून बाहेर येऊन कामाला लागतात. आणि सहा वर्षांची मुलगी न हलता दहा मिनिटं बसते, हे तुम्हाला तिथेच बघायला मिळेल. भरती आली की सगळी रांगोळी पुसली जाते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बघायला जाईल, तुम्ही न सांगता.

शिंपले वेचताना तिला एक शोध लावून द्या. काही शिंपल्यांना एका बाजूला अगदी गोल भोक असतं, ड्रिलने पाडल्यासारखं. ते एका मांसाहारी शंखाचं काम. तो शिंपल्यावर बसून भोक पाडतो आणि आतला जीव खातो. असे भोकाचे शिंपले वेगळे काढले की दोऱ्यात ओवायला आयते होतात. आत जीव असलेला शंख मात्र उचलायचा नाही, आणि ते तपासायची पद्धत म्हणजे उलटा करून मिनिटभर पाण्यात धरायचा. हलला की परत ठेवायचा.

तुमच्या भीतीबद्दल. ती घालवू नका, मला ती ठीकच वाटते. आमच्याकडे पोहता येणारी माणसं समुद्राला जास्त घाबरतात. माझे आजोबा एकच गोष्ट सांगायचे, ‘पाण्याक पाठ दाखवू नको.’ लाटेकडे पाठ करून फोटो काढणं हा पाहुण्यांचा आवडता अपघात आहे. दुसरं, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे अंघोळीला उतरायचं नाही, ओहोटी सुरू असताना तर पायही नको. वरून पाणी शांत दिसतं आणि खाली ओढ असते. तिसरं, कडेच्या खडकांवर जायचं तर ओहोटी लागल्यावर जायचं आणि भरती लागायच्या आत परत यायचं. मी दहा वर्षांची असताना चुलतभावंडांबरोबर कालवं बघायला खडकांवर गेले आणि परतायची वाट पाण्याखाली गेली. वरच्या कड्याला धरून, गुडघे सोलून घेत आम्ही पाचजण बाहेर आलो. घरी कुणी मारलं नाही. आजोबांनी फक्त विचारलं, ‘आज तिथी कसली?’ कुणालाच सांगता आली नाही. पाऊणपट मी त्या संध्याकाळी शिकले.

मुलगा पोहणारा असेल तर त्याला हेही माहीत हवं, की ओढीत सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झटापट करायची नसते, दम जातो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं, ओढ सुटली की मग किनाऱ्याकडे वळायचं. धाकटीसाठी नियम सोपा ठेवा. पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत आणि तिचा हात कुणाच्या तरी हातात. ‘कुणाच्या तरी’ म्हणजे दर वेळी तुमच्या नव्हे, यावर नंतर बोलते. आणि उतरायच्या आधी त्या घरच्या माणसांना विचारा. कुठे वाळू खचते, कुठे एकदम खोल होतं, हे त्यांना माहीत असतं. बाहेर पाटी लावलेली असतेच असं नाही.

मुलाला, आणि खरं तर यजमानांनाही, गुंतवणारी गोष्ट म्हणजे रापण. पत्र लिहून तुम्ही मला तिची आठवण दिलीत म्हणून मीच तुमचे आभार मानते. होडीने मोठं जाळं अर्धवर्तुळात समुद्रात सोडायचं आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा, पाय वाळूत रुतवून, मागे झुकलेल्या. तास-दोन तास चालतं. जाळं जवळ येऊ लागलं की वर कावळे, घारी, थंडीत आलेले कुरव जमा होतात. नशीब असेल तर काकण दिसतो. काकण म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, एकदा बघितला की मुलगा मोबाइल काढेल तो त्याचा फोटो घ्यायला, त्याला अडवू नका.

रापण कधी आणि कुठे लागणार हे आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा. नवाबागेला, उभादांड्याला, वाटेवरच्या कुणालाही विचारलं तरी कळतं. गेल्यावर बाजूला उभं राहून व्हिडिओ काढू नका, आधी विचारा, ‘हात लावू का?’ बहुतेक वेळा हो म्हणतात. दोर ओढताना मुलाच्या तळहाताची सालं निघतील. निघू द्या. जाळं वाळूवर आलं की मात्र त्याला दोन पावलं मागे ठेवा. तारल्या-बांगड्यांबरोबर कधी शिंगाळा येतो, त्याचे काटे वाईट, कधी वागळी येते, तिच्या शेपटीला नांगी असते. मासळीचे वाटे पडतात ते बघायला थांबा. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. कधी कधी पाहुण्या पोरालाही ओंजळभर तारल्या देतात. त्या दिल्या तर पैसे विचारू नका, तुमच्या घरच्या काकूंकडे नेऊन द्या, त्या दुपारी तळून देतील. स्वतः ओढलेला मासा नववीतला मुलगा कसा खातो ते बघा.

यजमानांना पॉइंट लागतात असं दिसतं. त्यांच्या यादीची भूक भागवली नाही तर ते तिसऱ्या दिवशी गाडीची किल्ली फिरवायला लागतील. तेव्हा एक दिवस त्यांचा. वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाणारा रस्ता धरा. वाटेत आरवली. आरवलीचा वेतोबा मुलांना आवडतोच, मूर्ती माणसापेक्षा कितीतरी उंच, आणि देवाला नवस काय, तर केळीचे घड आणि चामड्याच्या चपला. चपलाही त्याच्या मापाच्या, सूप घालावं एवढ्या. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्यामुळे चपला झिजतात, असं सांगतात. धाकटीला ते सांगा आणि चपलांचे तळवे तिलाच तपासू द्या. पुढे शिरोडा. १९३० साली इथे मिठाचा सत्याग्रह झाला. मुलाने इतिहासाच्या पुस्तकात दांडीच्या पुढच्या ओळीत हे नाव वाचलेलं असेल, परीक्षेपुरतं. मिठागरं अजून आहेत. डिसेंबरात पांढरे ढीग मिळतीलच असं नाही, मीठ उन्हं तापल्यावर धरतं, पण चौकोनी वाफे, बांध आणि पाणी आत घ्यायच्या वाटा दिसतात. तिथेही भरतीचंच पाणी, हे त्याला आपोआप कळेल. त्याच्यापुढे रेडी. तिथला दोन हातांचा मोठा गणपती १९७६ साली खाणीत सापडला. सासूबाईंना दर्शन होईल, यजमानांना पॉइंट. यशवंतगडाच्या पडक्या भिंतींवर वडाच्या मुळ्या चढल्यात. बाप-लेकांनी तिथे चढून यावं, बाकीच्यांनी खाली नारळपाणी प्यावं. एका दिवसात एवढंच. तिथून तेरेखोलची खाडी आणि पलीकडे गोवा हाकेवर आहे. गाडी आपोआप तिकडे वळेल, ती वळू देऊ नका. नाताळात गोव्याच्या किनारी रस्त्यांवर काय असतं हे पुण्याच्या माणसाला सांगायला नको. सिंहगड रस्त्यावरून निघून सिंहगड रस्त्यावरच पोहोचल्यासारखं होईल.

मुलाने स्कुबाचा हट्ट धरला तर? धरेल. तेव्हा तो आणि वडील दोघांनीच सकाळी मालवणला जावं, तास-सव्वा तासाचा रस्ता आहे. सर्दी असेल तर पाण्याखाली जायचं नाही, कान फुटल्यासारखे दुखतात. होडीने सिंधुदुर्ग करावा. शिवाजी महाराजांनी १६६४ साली या किल्ल्याचं काम सुरू केलं. खाऱ्या समुद्रात उभ्या असलेल्या त्या किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. आत महाराजांच्या हाता-पायाचे ठसे आहेत आणि महाराजांचं मंदिरही. सासूबाईंना तिथे नेऊ नका. होडीत चढ-उतार करणं, मग उन्हात चालणं, आणि मग आपल्यामुळे सगळे थांबलेत हे त्यांना जाणवत राहणं. ते गेल्या वर्षी झालंय.

त्यांच्यासाठी खाडी आहे. वेंगुर्ल्यातल्या मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचतगटातल्या बायका वल्ह्याने होडी चालवतात आणि कांदळवन दाखवतात. इंजिन नाही, त्यामुळे बोललेलं ऐकू येतं. तिवराच्या पानाला जीभ लावायला सांगतील, लावा. खारट लागतं. खाऱ्या पाण्यात वाढणारं हे झाड नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. कांदळाच्या फांदीला हिरव्या लांब शेंगांसारखं काही लोंबताना दिसेल. ती शेंग नव्हे, झाडावरच रुजलेलं रोप आहे. पिकलं की खाली सुटतं आणि चिखलात रुततं. चिखलातून वर आलेली टोकं म्हणजे श्वास घ्यायची मुळं, आणि त्यांच्यामधून एक नांगी मोठी आणि एक छोटी असा खेकडा हात हलवत असेल तर तो नर. होडीच्या वेळा त्या बायकांनाच विचारा, त्याही पाण्यावरच ठरतात. आजी-नात एका होडीत बसल्या की तुम्ही दुसऱ्या होडीत बसा. बसताना सासूबाईंना दोन्ही बाजूंनी हात द्यायला लागेल, तेवढं आधी सांगून ठेवा.

बाकी त्यांना किनाऱ्यावर काय हवं? एक खुर्ची. ज्या घरी उतरणार आहात तिथे प्लॅस्टिकची खुर्ची असेलच, ती रोज संध्याकाळी मुलाने उचलून किनाऱ्यावर न्यायची, कोरड्या वाळूत चौथा पाय नीट रोवून. माझ्या आईचे गुडघे गेले तेव्हा आम्ही तिला चार वर्षं ‘तू वर व्हरांड्यात बस, आम्ही येतो’ म्हणत राहिलो. खुर्ची कुणाला सुचली नाही. मग शेजारच्या घरातल्या पोराने न विचारता ती आणून ठेवली, आणि पुढे आई रोज सूर्य बुडेपर्यंत तिथे असायची, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला कुठला मासा मिळाला ते विचारत. जन्मभर शाकाहारी बाई.

शाकाहाराची काळजी करू नका. डिसेंबरात मार्गशीर्ष असेल तर अर्ध्या गावाला गुरुवारी मासे चालत नाहीत. सकाळी आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं मागा. घावणे आणि गूळ घातलेला नारळाचा रस. एखाद्या दिवशी शिरवाळे करता का म्हणून काकूंना विचारा, पण आदल्या दिवशी विचारा. तांदळाच्या उकडीच्या शेवया साच्यातून पाडायला ताकद लागते, आणि तुमचा मुलगा तिथे मोकळाच असेल. सासूबाईंना स्वयंपाकघरात जाऊन बसायची मुभा मिळते का बघा. कोकणातल्या घरात पाहुण्या बाईला चुलीजवळ पाट मिळाला की बाकीच्यांनी दोन तास निर्धास्त फिरून यावं.

थंडीत जत्रांचा हंगाम असतो. रात्री देवळासमोर दशावतार होतो. एक पडदा, एक बाकडं, पेटी, पखवाज, झांज, एवढाच संसार. बायकांची कामंही पुरुषच करतात, आणि संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरलेली असते, बाकी सगळं तिथल्या तिथे. हे मुलाला आधी सांगा, म्हणजे राजा-राक्षसाचा वाद रंगला की तो कान देऊन ऐकेल. नाटक पहाटेपर्यंत चालतं, तुम्ही सुरुवातीचा तासभरच बसा. त्यात गणपती येतो, सरस्वती येते, आणि काळ्या झग्यातला संकासूर येतो, ज्याला लहान मुलं आधी घाबरतात आणि मग हसतात. धाकटी घाबरलीच तर आजीच्या पदरात जाईल, ते बरंच. जत्रा कुठे आहे हे किराणा दुकानात कळतं. मालवणी खाजा तिथेच ताजा मिळतो. येताना घ्या, जाताना घेतला तर उरत नाही.

पाऊस पडणार नाही, पण दुपारी ऊन चावतं. अकरा ते चार घरात. त्या वेळात सावंतवाडीला एक चक्कर चालेल, लाकडी खेळण्यांची चितारआळी आणि राजवाड्यात गंजिफा. गोल पत्ते, हाताने रंगवलेले, दशावतारी जोडात एकशे वीस. किंवा गावातल्याच एखाद्या काजूच्या कारखान्यात विचारून आत जा. काजूचं फळ डिसेंबरात नसतं, पण बिया फोडायचं काम चालतं, आणि टरफलातल्या तेलाने हात कसे पोळतात हे बघितलं की मुलं पुन्हा मूठभर काजू तोंडात टाकताना क्षणभर थांबतात. पडकी डच वखारही गावात आहे, सतराव्या शतकातली. यजमानांना सांगा, आणखी एक पॉइंट. किंवा झोपा. सगळ्यांनी. दुपारी झोपायला जाणं हासुद्धा कार्यक्रम धरा.

कासवांचं पिल्लू बघायला मिळेल म्हणून मुलीला आशा लावू नका. वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, पण पिल्लं बाहेर येतात ती बहुधा नाताळानंतर, पुढच्या महिन्यांत. मात्र अमावास्येच्या जवळपासची रात्र असेल, तर जेवल्यावर दिवे नसलेल्या बाजूला पाच मिनिटं चालून या. थंडीत कधी कधी लाटा फुटताना निळ्या उजळतात, पाण्यातल्या अगदी बारीक जिवांमुळे. कधी उजळतात, कधी नाही. नाही उजळल्या तर तारे असतातच, आणि सिंहगड रस्त्यावर तेही नसतात.

रस्त्याचं एक. पुण्याहून कोल्हापूर–आजरा–आंबोली असे आलात तर घाटात मुलीला गाडी लागेल. जायचा आणि यायचा दिवस सुट्टीत धरू नका, त्या दिवशी कुठेही ‘जाता जाता’ थांबायचं नाही. रेल्वेने आलात तर कुडाळ किंवा सावंतवाडी रोडला उतरा, गाडीवाला सांगून ठेवला की झालं.

आता ते शेवटचं वाक्य. तुम्ही विचारलंय, सगळ्यांना गुंतवायचं कसं. ‘सगळ्यांत’ तुम्ही स्वतःला धरलेलं नाही, आणि गुंतवण्याचं काम तुमचंच असं गृहीत धरलंय. वर मी मुद्दाम प्रत्येकाला काम वाटून दिलंय. तिथी सासूबाईंची, तक्ता आणि खुर्ची मुलाची, शिंपले मुलीचे. यजमानांना रोज सकाळी मासळी बाजारात पाठवा, बांगड्याचे कल्ले लाल आहेत का, डोळा फुगीर आहे का, बोटाने दाबलं तर मांस वर येतं का, हे बघून आणायचं. पहिल्या दिवशी चुकतील, कोळीण बायका त्यांना शिकवतील, फुकट आणि चारचौघांत. मुलीचा हात पाण्यात कुणी धरायचा याचीही पाळी लावा, दारावरच्या त्याच तक्त्यात एक रकाना वाढवून.

आणि त्या तक्त्यात एक सकाळ तुमच्या नावाने लिहा. ओहोटी सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास येत असेल तो दिवस निवडा. त्या दिवशी दोन तास तुम्ही एकट्या उभादांड्याच्या वाळूवरून सागरेश्वराकडे चालायला जायचं. फोन घरी. पाण्याला हात लावायची सक्ती नाही. मुलं उठली की कुठे गेली आई म्हणून विचारतील. सासूबाई कालनिर्णय बघून सांगतील, भरती लागायला अजून वेळ आहे, येईल.